मिनीबाईंची सकाळपाळी

माझ्या हातची भाकरी सासूने मोडून पाहिली होती, नवऱ्याने एकदा ताटातून भिरकावली होती, पण पट्टी लावून मोजली ती फक्त आमच्या घरमालकांनी. मी इंदिरानगरला त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत नवीनच राहायला आले होते. ओळख व्हावी म्हणून बाजरीच्या दोन भाकरी आणि पिठलं घेऊन खाली गेले. त्यांनी शर्टाच्या खिशातून स्टीलची पट्टी काढली, भाकरीवर आधी आडवी ठेवली, मग उभी ठेवली.

"आडवी पावणेआठ इंच, उभी साडेसात," म्हणाले. "पाव इंचाचा फरक आहे."

मी म्हटलं, "पोटात गेल्यावर सारखीच होते."

"मर्यादेत आहे," म्हणाले आणि जेवायला बसले.

मर्यादेत हा त्यांचा शब्द. कसे आहात विचारलं की मर्यादेत. ऊन, महागाई, गुडघ्याचं दुखणं, सगळं मर्यादेत. बायको जाऊन वर्ष झालं तेव्हा शेजारची एक बाई डोळ्यांना पदर लावून त्यांना भेटायला आली, तर तिलाही त्यांनी दुःख मर्यादेत असल्याचं सांगितलं. ती बिचारी तशीच परत गेली.

सातपूरच्या एका कारखान्यात ते बत्तीस वर्षं तपासणी खात्यात होते. मशीनवर तयार झालेला माल मोजायचा आणि चुकला असेल तर परत पाठवायचा, हे काम. नोकरी संपली, काम काही सुटलं नाही. घरात गळक्या नळाला लाल चिठ्ठी बांधलेली, कुरकुरणाऱ्या दाराला पिवळी. लाल म्हणजे वापरायचं नाही, पिवळी म्हणजे सांभाळून. जिन्याची तिसरी पायरी अर्धा इंच उंच होती, तिच्या कठड्याला कायमची पिवळी चिठ्ठी. मी पहिल्याच दिवशी तिथे अडखळले.

"म्हणून तर चिठ्ठी लावलीय," ते खालून म्हणाले.

"मग नीट का करून घेत नाही?"

"माझं काम दोष दाखवायचं. दुरुस्ती दुसऱ्या खात्याकडे."

घरात ते एकटेच. दुसरं खातं कुठून येणार होतं देव जाणे. मी नऊ वर्षं त्या पायरीवरून चढले-उतरले, ती अर्धा इंच उंचच राहिली.

आणखी एक खोड म्हणजे सगळ्यांना अहो-जाहो करायचे. दूधवाल्याला, भाजीवालीला, गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनासुद्धा. "अहो, चेंडू आमच्या अंगणात टाकू नका." पोरं हसायची. रागावले तरी अहोच. एकदा प्लंबरला म्हणाले, "अहो, तुम्ही अत्यंत नालायक आहात." त्याला कळेचना की रागवायचं की आभार मानायचे.

कुत्र्याचंही तेच. तिला त्यांनी कधी अगं म्हटलं नाही.

कुत्रं आणायला ते गेलेच नव्हते. देवळाली कॅम्पात फौजी लोकांची बदली झाली की ते सामान विकून जातात. तिथे कोणी लोखंडी पलंग विकतंय असं कळल्यावर हे रविवारी बसने गेले. दुपारी परत आले ते पलंगाशिवाय, हातात पिशवी, आणि पिशवीतून दोन कान बाहेर.

"पलंग कुठाय?" मी जिन्यातून विचारलं.

"नापास केला. एक पाय आखूड होता."

"आणि हे काय?"

"पलंगाखाली बसल्या होत्या ह्या. त्या लोकांना आसामकडे जायचंय, ह्यांना नेता येत नाही. नाव मिनी. वजन पाच किलो शंभर ग्रॅम."

पांढऱ्या केसांचं, बसक्या अंगाचं, मांजराएवढं कुत्रं. मला कुत्र्यांचं वेड नाही. आमच्या गावी कुत्रं दारात असायचं, त्याला तुकडा टाकायचा, विषय संपला. हे कुत्रं गादीवर झोपायचं आणि दूध कोमट नसेल तर तोंड फिरवायचं. मी त्यांना तोंडावर सांगितलं, "मालक, म्हातारपणी कशाला नसते उपद्व्याप?"

"उपद्व्याप मर्यादेत आहे," म्हणाले. "तुमची सकाळपाळी."

ते रोज नऊ ते एक सातपूरला एका जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये जायचे. तिथला माल फुकट तपासून द्यायचे. त्या सोबत्याने कधी बोलावलं असेल असं मला वाटत नाही. तर तेवढा वेळ मिनी माझ्याकडे. मी पूर्वी चार घरी पोळ्या करायचे, पण गुडघ्यांनी ती कामं बंद पाडली होती. मुलगा चाकणला नोकरीला. सकाळी मी रिकामी असते हे मालकांना ठाऊक होतं, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं.

पाळी म्हणजे पाळीच. एक वही होती. खाणं, पाणी, शी, सू, असे रकाने त्यांनी पट्टीने आखलेले. मी चौथी शिकलेली, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, तरी रोज लिहायचे. एक वाजता ते आले की मी मिनीला समोर ठेवून उभी राहायचे. त्यांच्या कारखान्यात म्हणे पाळी बदलताना जाणारा माणूस मशीनपुढे उभा राहून येणाऱ्याला सगळं सांगायचा, मगच घरी जायचा. ते तीनच प्रश्न विचारायचे.

"काय झालं?"

"दूध-पोळी खाल्ली, शी एकदा, सू दोनदा."

"काय राहिलं?"

"काही नाही."

"विशेष काही?"

"विशेष काही नाही."

मग ते सही करायचे. मला हसू यायचं, पण खरं सांगायचं तर महिनाभरात मी पावणेएकलाच पदर खोचून तयार बसायला लागले.

फाल्गुनात भावाने द्राक्षं पाठवली. माझा भाऊ निफाडकडचा, बाग आहे. त्याची गाडी नाशिकला आली की क्रेट ठेवून जातो. "आक्का, लय गोड हाय यंदा, पोरासारखी जपली," असं फोनवर सांगितलं. क्रेटच्या तळाशी घडांचे सुटे मणी पडलेले असतात. ते आधी संपवायचे, नाहीतर सडतात आणि बाकीची द्राक्षंही खराब करतात. मी जमिनीवर बसून निवडत होते. मिनी समोर येऊन बसली आणि माझ्या हाताकडे बघत राहिली. खाणाऱ्याच्या तोंडाकडे कोणी बघत असलं तर एकटीने खायची मला सवय नाही. एक मणी माझ्या तोंडात, एक तिला. ती टपकन झेलायची. शेवटी उरलेले मूठभर मणी तिच्यापुढे धरले, तेही तिने संपवले आणि माझा हात चाटून घेतला.

एक वाजता मालक आले. काय झालं, काय राहिलं, विशेष काही. मी म्हणाले, विशेष काही नाही. मी खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलंही नाही. द्राक्षांच्या दिवसांत आमच्याकडे द्राक्षांना कोणी खाणं धरत नाही. येता-जाता तोंडात टाकायची, उपास असला तरी चालतात. त्याचं काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तर ते दारातच उभे.

"उलट्या तीन," म्हणाले. "पाणी घेतलं नाही. विशेष म्हणजे मला बघून शेपूट हलवली नाही."

त्या दिवशी ते सातपूरला गेले नाहीत. मिनी गोणपाटावर पडली होती, पोट आत-बाहेर होत होतं. तेवढ्यात तिने चौथी उलटी केली. पुसायला मी बसले. फडक्यावर हिरवट सालं दिसली, द्राक्षाची. सांगावं असं मनात आलं. मग वाटलं, बाहेर पडलं ना, झालं. मी फडकं धुऊन टाकलं.

जवळच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. तरुण होत्या, बोलायला साध्या. त्यांनी मिनीचं पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "बाहेरचं काही खाल्लंय का हिने?"

मालकांनी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "अशक्य. महिनाभराची नोंद आहे. ह्यांच्या पोटात जे गेलं ते सगळं लिहिलेलं आहे."

मी टॉवेल धरून मागे उभी होते. ते इतक्या खात्रीने बोलले की मला पुढे होऊन तोंड उघडता आलं नाही. वहीत माझंच अक्षर होतं. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, पोट बिघडलं असेल म्हणाल्या. रक्त तपासा म्हणून मालकच हटून बसले, नाहीतर बाईंनी तेवढ्यावर घरी पाठवलं असतं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. मग मिनीच्या हिरड्या पाहिल्या, आणि त्यांचा आवाज बदलला.

"काका, मूत्रपिंडं काम करत नाहीयेत. काहीतरी विषारी गेलंय. उंदराचं औषध ठेवलंय का घरात? द्राक्षं, बेदाणे?"

"द्राक्षं?" मालक म्हणाले. "द्राक्षांचा काय संबंध?"

"कुत्र्यांना विष असतं ते. सगळ्यांना बाधत नाही. ज्याला बाधतं त्याचं मूत्रपिंड बंद पडतं."

मी म्हटलं, "मी दिली."

दोघंही माझ्याकडे वळले. टेबलावर मिनी तेवढी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"परवा सकाळी दिली," मी म्हटलं. "काल उलटीत सालं दिसली होती. तीही बोलले नाही."

मला वाटलं आता ते फाडून खातील. ते म्हणाले, "किती?"

"आधी एकेक करून दहा-बारा. मग एक मूठ."

"मूठ कोणाची?"

"माझी. अजून कोणाची असणार?"

डॉक्टरीणबाई सलाईनची सुई लावायच्या घाईत होत्या. "काका, अंदाज पुरे आहे."

"अंदाज पुरत नसतो," म्हणाले. मिनीचा पाय त्यांनीच धरून ठेवला.

चार तास सलाईन चाललं. निघताना बाई म्हणाल्या, "लघवी होते का तेवढं बघा. दोन दिवस रोज घेऊन या. लघवी सुरू झाली तर आशा आहे. नाही झाली तर..."

"वाक्य पूर्ण करा," मालक म्हणाले.

"तर वाचणार नाही, काका."

रिक्षात ते एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "क्रेट खाली आणा." मी आणलं. त्यांनी भाजीचा छोटा काटा मांडला, शेजारी ताटली ठेवली.

"परवा घेतली तशी मूठ घ्या."

मी घेतली. त्यांनी मणी मोजले. सतरा. "पुन्हा." एकोणीस. "पुन्हा." सोळा. तीन वेळा मी त्या माणसासमोर मूठ भरली आणि तीन वेळा ताटलीत सोडली. लग्नानंतर सासरी पहिल्या दिवशी मी इतकी ओशाळले नव्हते. त्यांनी वजन केलं, सरासरी काढली, आधीचे बारा त्यात धरले आणि दवाखान्यात फोन लावून आकडा सांगितला. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून त्यांनी ताटलीतले मणी क्रेटमध्ये परत टाकले.

"जास्त होतं का?" मी विचारलं.

"मर्यादेबाहेर," म्हणाले.

नऊ वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून तेव्हाच ऐकला. मग त्यांनी क्रेटला लाल चिठ्ठी बांधली आणि ते अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

मी जिन्याकडे निघाले, तर मागून म्हणाले, "उद्याची सकाळपाळी तुमचीच आहे."

"माझ्यावर सोपवता? एवढं झाल्यावर?"

"ज्याच्या हातून मशीन बिघडलं त्यालाच आम्ही पुन्हा त्यावर उभं करायचो. तो हलत नाही तिथून."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर दोन मीही परत दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. हे गप्प बसणं मला झेपेना. मी वर जाऊन भात टाकला आणि तो करपला.

पुढचे दोन दिवस दोन म्हातारी माणसं एका कुत्र्याने लघवी करावी म्हणून काय काय करत होती ते कोणी पाहिलं असतं तर हसून मेलं असतं. तिला उचलून अंगणात पेरूच्या झाडाखाली न्यायचं, खाली ठेवायचं. तिचे पाय थरथरायचे, ती तिथेच बसायची. मालक इस्त्रीच्या पँटीत उकिडवे बसून म्हणायचे, "मिनीबाई, घाई नाही. पण करा." मग तान्ह्या पोराला करतात तसा तोंडाने शूऽऽ आवाज काढायचे.

मी म्हटलं, "तिला तुमची लाज वाटत असेल. तोंड फिरवा तिकडे."

ते खरंच उठले आणि कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाच मिनिटं झाली.

"काही?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"काही नाही."

रोज सलाईनची बाटली आत जायची आणि बाहेर थेंब नाही. मिनीचा चेहरा सुजला, डोळे बारीक झाले. मालक वहीत किती पाणी गेलं ते लिहायचे, आणि सूच्या रकान्यात आडवी रेघ. एकीखाली एक रेघा पडत गेल्या. "एवढं पाणी जातंय कुठे?" असं ते एकदा विचारून गेले, मला की स्वतःला ते कळलं नाही. त्यांची दाढी वाढली होती. शर्ट कालचाच होता, आणि खिशात पट्टी नव्हती.

मला देवाला काही बोलायची सवय नाही. मागितलेलं त्याने आजवर काही दिलं नाही, म्हणून मीही मागणं सोडलंय. त्यातल्या दुसऱ्या सकाळी मात्र मी मिनीला म्हणाले, "बाई गं, मरायचंच असेल तर त्यांच्या पाळीत मर. माझ्या नको." वाईट बोलले. पण खरं तेच होतं मनात.

ते कोपऱ्यावर रिक्षा बघायला गेले होते. टॉवेलात गुंडाळायला मी मिनीला उचललं, तर हाताला ओल लागली. आधी वाटलं पायात ठेवलेल्या सलाईनच्या सुईवरची पट्टी सुटून काही गळलं. पट्टी कोरडी होती. गोणपाट पाहिलं, तर मध्यावर ताटलीएवढा डाग. मी वाकले आणि वास घेतला. हयातभर मी लोकांची आणि पोरांची घाण काढली आहे, त्या वासात फसायची नाही.

"मालक!" मी फाटकापर्यंत ओरडत गेले. गुडघे दुखले की नाही आठवत नाही.

ते धावतच आले. गोणपाटावर हात ठेवला, मग तोच हात नाकाशी नेला.

"केली," मी म्हटलं.

"किती?"

"आता काय पिळून दाखवू?"

त्यांनी गोणपाटाची घडी केली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि दवाखान्यात नेऊन सरळ डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. बाई मागे सरकल्या. "काका, हे आणायची गरज नव्हती, तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"तोंडी सांगण्यावर माझा विश्वास राहिलेला नाही," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. मला जे लागायचं ते लागलं.

त्यानंतर आणखी चार दिवस सलाईन झालं. रक्ताचे आकडे खाली येत गेले. शेवटच्या दिवशी बाई म्हणाल्या, मूत्रपिंडं जरा अशक्त राहतील, दर काही महिन्यांनी रक्त तपासा, पण वाचली. मालकांनी त्यांना "बरं" म्हटलं, मिनीला काखेत घेतलं, आम्ही घरी आलो. मी चहा ठेवला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. भाडेकरूच्या घरी मालकाने जायचं नसतं असं त्यांचं मत, त्यामुळे इतक्या वर्षांत ते वर कधीच आले नव्हते. दाढी केलेली, शर्ट धुतलेला. उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"आवाज चढवायला परवानगी आहे का?" म्हणाले.

"आता?"

"मिनीबाईंना घरात गोंगाट सोसला नसता. म्हणून थांबलो होतो."

मी गॅस बारीक केला. "चढवा."

मग जे सुरू झालं ते काय सांगू. मान लाल झाली. "अहो, तुम्हाला काही अक्कल आहे का? अहो, उलटीत सालं दिसली तरी तुम्ही फडकं धुऊन टाकता? त्या डॉक्टरांसमोर मी छाती काढून वही दाखवतो आणि तुम्ही मागे टॉवेल धरून उभ्या? एक दिवस गेला तुमच्यामुळे, पूर्ण एक दिवस! आणि समजा गेल्या असत्या त्या. मी कोणाशी बोललो असतो? सांगा ना! घरी येऊन कोणाशी बोललो असतो मी?"

मी नवऱ्याचं ऐकून घेतलं नव्हतं, सासूचं नाही, मुलाचं तर नाहीच. त्यांचं ऐकत उभी राहिले. एकही शब्द खोटा नव्हता.

ते दम घ्यायला थांबले, तसं मी विचारलं, "झालं?"

"नाही. अजून आहे."

"मग आत येऊन बसा. उभ्याने किती बोलाल?"

ते आत येऊन खुर्चीवर बसले. मी चहा पुढे केला, त्यांनी एक घोट घेतला आणि पुन्हा आवाज चढवला. तेवढ्यात खालून नखांचा टकटक आवाज आला. एकेक पायरी चढत, मध्ये थांबून धापा टाकत मिनी वर आली. खोलीच्या मध्यभागी उभी राहिली, मालकांकडे तोंड केलं आणि भुंकली. आठवडाभरात पहिल्यांदा भुंकली, तेही त्यांच्यावर.

मालक तिच्याकडे वळले.

"मिनीबाई," म्हणाले, "आमचं बोलणं चाललंय. मध्ये बोलू नका."

ती पुन्हा भुंकली. मग त्यांनी कप खाली ठेवला, खुर्ची माझ्या जवळ ओढली आणि उरलेलं सगळं मला हळू आवाजात, अगदी कानाशी आल्यासारखं सुनावलं. बरंच उरलं होतं. दिवेलागणीपर्यंत पुरलं.